स्पोर्ट्स कारच्या चाकाचा स्टड तुटला? फक्त तोच एक बदलून का भागत नाही, जाणून घ्या!

चाक काढायला पाना लावला, जोर दिला, 'टक्' असा आवाज आला आणि नटासोबत लोखंडाचा तुकडाही हातात आला, तर समजा चाकाचा स्टड तुटला. उरलेल्या नटांवर गाडी चालते, म्हणून बरेच जण ती तशीच दामटतात. कुठल्याही गाडीत हे वाईटच, पण वळणावर वेगात घुसण्यासाठीच बनलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये हा थेट जिवाशी खेळ आहे.

स्टड म्हणजे नेमकं काय? चाक ज्यावर बसतं त्या हबमध्ये मागून दाबून बसवलेला बोल्ट. त्याचं डोकं मागे, आटे पुढे. चाक त्यावर अडकवायचं आणि वरून नट आवळायचा. आपल्याकडच्या मारुतीतही हीच पद्धत. फोक्सवॅगन, स्कोडामध्ये मात्र स्टड नसतात, सुटे बोल्ट थेट हबमध्ये आवळले जातात.

उदाहरणासाठी माझदाची एमएक्स-५ घेऊ, जिला लोक प्रेमाने मियाटा म्हणतात. १९८९ मध्ये आलेली ही दोन सीटची छोटी गाडी २०१६ मध्ये १० लाखांचा टप्पा ओलांडून गेली. हौशी रेसिंग करणाऱ्यांची ती लाडकी. पहिल्या पिढीच्या मियाटाच्या प्रत्येक चाकाला फक्त ४ स्टड असतात, तेही १२ मिलिमीटर जाडीचे. म्हणजे एक तुटला की पाव आधार गेला!

आता गंमत बघा. चाक या स्टडवर टांगलेलं नसतंच. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे होणारं घर्षण चाकाला जागेवर ठेवतं. मियाटाचे नट साधारण ८८ ते ११८ न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. १०० धरले तर ढोबळ हिशेबाने एकेक स्टड सुमारे ४ टनांच्या ताकदीने चाक दाबतो. चार मिळून १६ टन, आणि गाडीचं वजन जेमतेम एक टन!

हा दाब कमी झाला की चाक हबवर सूक्ष्म हलायला लागतं. मग प्रत्येक फेरीला स्टड थोडा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. तार मागेपुढे वाकवून तोडतो ना, अगदी तसंच. म्हणून स्टड तुटण्यामागे नट सैल राहणं हेही मोठं कारण असतं, नुसतं जास्त आवळणं नाही. तुटलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं तर बऱ्याचदा चोर सापडतो. गुळगुळीत भाग आणि त्यावर शिंपल्यासारख्या वक्र रेषा दिसल्या, तर तडा बरेच दिवस वाढत होता. आटे ताणले गेलेत, मान बारीक झालीय, असं दिसलं तर कोणीतरी बेसुमार आवळलंय.

ते 'कोणीतरी' बहुतेक वेळा हवेची गन असते. टायरच्या दुकानात घर्रर्र करून चार सेकंदांत नट बसतो खरा, पण तो किती आवळला गेला हे कोणालाच कळत नाही. आणि गनने घोळ फक्त दुकानातच होतो असं नाही. २०२१ च्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या वाल्टेरी बोटासच्या मर्सिडीजचा नट पिट स्टॉपमध्ये गनखाली घासून गेला. फॉर्म्युला वनमध्ये चाकाला एकच मोठा नट असतो. चाक निघेना, बोटास शर्यतीतून बाहेर! ते चाक शेवटी कारखान्यात नेल्यावर निघालं.

तर तुटलेल्या स्टडचे शेजारी निर्दोष नसतात. त्यांनीही तोच ताण सोसलाय, शिवाय तुटलेल्याचं ओझंही उचललंय. ट्रकच्या चाकांबाबत सर्रास दिला जाणारा सल्ला असा: एक तुटला तर त्याच्या दोन्ही बाजूचेही बदला, दोन तुटले तर सगळेच. मियाटाच्या चाकाला मुळात चारच आहेत. तिथे एवढा हिशेब कशाला, चारही बदलावेत असं आमचं मत. स्टड ही गाडीतली फार महाग वस्तू नाही.

काम कसं होतं? गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवायची, नुसत्या जॅकवर काम अजिबात नको. चाक काढलं की ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने वर बांधायचा. रबरी पाइपवर लोंबकळत ठेवला तर ब्रेकचं नवीन दुखणं मागे लागेल. मग डिस्क काढायची आणि मागे मोकळी जागा दिसेपर्यंत हब फिरवायचा. जागा पुरत नसेल तर हबच काढावा लागतो. जुना स्टड हातोड्याने ठोकून निघतो, पण ते हादरे बेअरिंग खातं. दाबून काढणारं हत्यार मिळालं तर तेच वापरावं.

नवा स्टड घेताना नुसते आटे जुळवून चालत नाही. डोक्याजवळ जो खाचांचा पट्टा असतो, त्याची जाडीही तंतोतंत हवी. ती कमी असेल तर स्टड जागेवरच गोल फिरतो आणि नट ना आवळला जातो ना सुटतो! स्टड मागून घालायचा, पुढून तीन-चार वॉशर आणि आरपार भोक असलेला जुना नट लावून हाताच्या पान्याने ओढून घ्यायचा. वॉशरमध्ये थोडं ग्रीस चालेल, स्टडच्या आट्यांना नको. तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. डोकं हबला टेकलं की पाना एकदम जड होतो, तिथे थांबायचं.

चाक लावल्यावर नट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे आणि शेवटी टॉर्क रेंचने आकडा गाठायचा. ८० ते १०० किलोमीटर गाडी चालवून, चाक थंड झाल्यावर पुन्हा तोच रेंच लावायचा. एखादा नट अजून थोडा फिरला, तर त्या स्टडचं डोकं पहिल्यांदा पूर्ण टेकलं नव्हतं. मग आणखी १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं.