वळणावरची कटकट

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रथम काय शिकवितात, तर पर्वतावरील धूर पाहून तेथील अग्नीचें अनुमान कसें करावें हें. आज ज्या घरीं मोटार आहे, त्या घराला आवाजावरून दोषाचें अनुमान करतां येणें तितकेंच अगत्याचें झालें आहे. गेल्या वर्षीं आमच्या घरीं घडलेली हकीकत ह्यासाठींच वाचकांपुढें ठेवितों.

आमची गाडी बारा वर्षांची. ती रोज चालवितात आमच्या सूनबाई. मुलांना शाळेंत पोंचवून त्या आपल्या महाविद्यालयांत जातात. एके दिवशीं जेवणाच्या वेळीं त्या म्हणाल्या, "गाडी वळवितांना चाकाजवळ कट्-कट् असा आवाज येतो." चिरंजीवांनीं "टायरांत खडा अडकला असेल" म्हणून विषय संपविला. मीं तर "जुनें झालें कीं सारेंच वाजतें, माझे गुडघे वाजत नाहींत काय?" असें म्हणून सर्वांना हंसविलें. सूनबाई मात्र हंसल्या नाहींत. पुढें दोन-तीन वेळां त्यांनीं तेंच सांगितलें व आम्हीही तेंच उत्तर दिलें.

असे तीन महिने गेले. दिवाळीनंतर पुण्याहून ताम्हिणी घाटानें कोंकणांत कुलदैवताच्या दर्शनास जावयाचें ठरलें. तेव्हां त्या निश्चयानें म्हणाल्या, "मामंजी, ह्या आवाजाचा उलगडा झाल्याखेरीज मुलांना घेऊन मी घाटांत गाडी घालणार नाहीं." चिरंजीवांनीं गाडी एका गॅरेजांत नेली. तेथील कारागिरानें ती चालवून न पाहतांच पुढचें सारें सस्पेन्शन बदलावें लागेल असें सांगून भला मोठा आंकडा लिहून दिला.

मोटारीच्या विद्येंत मी अगदीं कोरा. परंतु अन्वय-व्यतिरेक मीं पुष्कळ वर्षें शिकविला आहे. जें असतांना कार्य घडतें व जें नसतांना घडत नाहीं, तें त्याचें कारण, हा साधा नियम. त्याच सायंकाळीं आम्ही गाडी एका मोकळ्या मैदानांत नेली.

प्रथम गाडी उभी ठेवून इंजिन वाढविलें. आवाज नाहीं, म्हणजे इंजिन निर्दोष. (किल्ली फिरवितांच नुसतें कट्-कट् वाजून इंजिन सुरू होत नसेल, तर तो प्रकार निराळा, तेथें बहुधा बॅटरी क्षीण झालेली असते.) नंतर चाकांचे नट पाहिले; कारण सैल नटही वाजतो, आणि तसें असल्यास चाकच निखळण्याचें भय असतें. ते घट्ट होते. मग गाडी सरळ, मंद गतीनें चालविली. आवाज नाहीं. टायरांत खडा असता तर तो सरळ वाटेवरही चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां वाजला असता. शेवटीं सूनबाईंनीं स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून, किंचित् वेग देत गाडी गोल फिरविली. कट्-कट्-कट्! वेग वाढला तशी लयही वाढली. डावीकडे वळवून फिरविली, तों सर्वत्र शांत.

ह्याचा अर्थ समजण्यास थोडी माहिती हवी. जुन्या अँबॅसडर किंवा पद्मिनी गाड्यांत इंजिनाची शक्ति मागच्या चाकांकडे जाई. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० पासून पुढचीं चाकें ओढणाऱ्या गाड्या आपल्याकडे घरोघर झाल्या. अशा गाडींत जें चाक फिरवावयाचें, तेंच वळवावयाचेंही असतें. रॉबर्ट हुक ह्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला जुना सांधा वांकविला म्हणजे पुढचा दांडा एका फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद फिरतो. त्यानें चाक हिसके खाई. ही अडचण दूर करणारा, सहा पोलादी गोळ्यांचा सांधा अमेरिकेंत आल्फ्रेड शेप्पा ह्या अभियंत्यानें १९२० नंतरच्या दशकांत शोधून काढला. त्यालाच आज सी. व्ही. जॉइंट म्हणतात. त्याच्यावर ग्रीसनें भरलेला, भात्यासारखा घड्यांचा रबरी बूट असतो. तो बूट फाटला म्हणजे ग्रीस बाहेर उडतें, धूळ-पाणी आंत शिरतें, गोळ्यांच्या खांचा झिजतात, व वळतांना गोळ्या त्यांत कट्-कट् आपटूं लागतात. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो. म्हणून उजव्या वळणावर वाजणारा सांधा बहुधा डावा असतो.

विजेरी घेऊन डाव्या चाकामागें पाहिलें. बूट चिरलेला, आणि चाकाच्या आंतल्या बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे!

दुसऱ्या गॅरेजांतील मिस्त्रीनें आमचें अनुमान मान्य केलें. तो म्हणाला, "आवाज सुरू होण्यापूर्वींच बूट फाटलेला दिसला असता, तर साफ करून नवें ग्रीस व नवा बूट घालून भागलें असतें. आतां सांधाच बदलला पाहिजे." त्यानें तो बदलला, नवा नट कंपनीनें ठरविलेल्या मापानेंच आवळला, व दोन्ही बाजूंस गोल फिरवून दाखविलें. सस्पेन्शनला हात लावण्याचें कारण पडलें नाहीं.

मीं सहज विचारलें, "असेंच चालविलें असतें तर?" तो म्हणाला, "एका बाजूचा सांधा तुटला तरी दोन्ही चाकांची ओढ जाते. चढावर गाडी जागच्या जागीं थांबते, बाबा." तीन महिने त्याच सांध्यावर नातवंडें रोज शाळेंत जात होतीं, हें त्या क्षणीं माझ्या ध्यानांत आलें. घरीं येऊन मीं सूनबाईंना म्हटलें, "तुम्हीं पहिल्याच दिवशीं 'वळवितांना' हा शब्द उच्चारला होता. सारें निदान त्या एका शब्दांत होतें. तो आम्हीं ऐकलाच नाहीं." त्या कांहीं बोलल्या नाहींत, मात्र रात्रीं ताटांत तुपाची धार अंमळ मोठी होती.

वाचकांनीं पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर हे रबरी बूट पाहून घ्यावेत. आणि घरांतील जी व्यक्ति रोज गाडी चालविते, तिनें एखादा आवाज सांगितला, तर हंसण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: तो केव्हां येतो, आणि केव्हां येत नाहीं?