ब्रेक कोणी दाबला?

कळंबोलीला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर गाडी चढली की समोर तीन पदरी मोकळा काँक्रीट रस्ता पसरतो आणि उजवा पाय नकळत जड होतो. सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. शंभरचा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. पुढे काहीतरी अडलंय हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात ४२ मीटर मागे पडलेले असतात आणि ब्रेक लागायला आत्ता कुठे सुरुवात होते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण थांबायला आणखी पन्नासेक मीटर. एकूण हिशेब नव्वदच्या वर. आणि त्याच लेनमध्ये, टेललाइट बंद असलेला ट्रक रखडत चालला असेल तर?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्या वर्षीच्या अपघातांत सर्वांत मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा होता, साधारण पाचातला एक. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे याच एक्स्प्रेस वेवर, माडप बोगद्याजवळ, शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांची गाडी पुढच्या अवजड वाहनावर मागून आदळली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

माणसाच्या त्या दीड सेकंदावर तोडगा म्हणून ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग, म्हणजे एईबी, आली. शोरूममध्ये सेल्समन ज्याला मोघमपणे ‘एडास’ म्हणतो, त्या पोतडीतली सर्वांत मोलाची चीज हीच. तिचं काम एका वाक्यात सांगता येतं: टक्कर अटळ दिसली आणि चालकाने काहीच केलं नाही, तर गाडी स्वतः ब्रेक दाबते. खरी कमाल आहे ती तिला हे ‘दिसतं’ कसं, यात.

पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या आत एक छोटी डबी असते. ती रडार. त्यातून सेकंदाला सुमारे ७,७०० कोटी कंपनांच्या रेडिओ लहरी सुटतात. एकेक लहर जेमतेम चार मिलिमीटर लांबीची. शंभर मीटरवरच्या ट्रकला आपटून ती परत यायला एका सेकंदाचा दहा लाखावा भागही लागत नाही, आणि त्या वेळेवरून अंतर कळतं. वेग कळतो तो कंपनांतल्या फरकावरून. पनवेल स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि पुढे गेल्यावर उतरलेली ऐकू येते, तसंच इथे घडतं. आपण ट्रकच्या दिशेने ताशी ५० किलोमीटरने सरकत असू, तर परतलेल्या लहरीत सेकंदाला सुमारे सात हजार कंपनं जास्त भरतात. ७,७०० कोटींत सात हजार! एवढी तफावत ही डबी सेकंदात अनेकदा हेरते, धुक्यात आणि अंधारातही.

पण रडारला पुढे धातू आहे एवढंच कळतं, तो ट्रक आहे की दिशाफलकाची कमान हे नीट कळत नाही. म्हणून आरशामागे काचेला चिकटवलेला कॅमेरा असतो. लाखो चित्रांवर तयार केलेली त्याची आज्ञावली सांगते की हा ट्रक, ही मोटरसायकल, हा पायी चालणारा माणूस. दोघांची साक्ष जुळली की हिशेब सुरू होतो: अंतर भागिले जवळ येण्याचा वेग. तुम्ही ९० वर, ट्रक ४० वर, मध्ये ४० मीटर, म्हणजे धडकेला तीन सेकंदांहून कमी वेळ. आधी भोंगा वाजतो, मग ब्रेक हलकेच ओढला जातो आणि अगदी शेवटी पूर्ण ताकदीने लागतो.

शेवटी का? सुरुवातीलाच का नाही? कारण ५० चा हा फरक संपवायला जोराच्या ब्रेकला बाराएक मीटर पुरतात. शेवटचा सेकंद उरेपर्यंत चालक स्टिअरिंग वळवून लेन बदलू शकतो, आणि ओव्हरटेक करणारे नेहमी तेच करतात. यंत्राने दरवेळी घाईने ब्रेक मारला तर मागचा ठोकेल. त्यामुळे हे यंत्र दिवसभर धोके मोजत राहतं आणि जवळपास प्रत्येक वेळी गप्प बसतं. ते घडवताना सर्वांत अवघड काम ब्रेक लावण्याचं नव्हतं, न लावण्याचं होतं. बंद पडून लेनमध्ये उभा राहिलेला ट्रक पकडणं जड जातं तेही याच कारणाने. कठडे, कमानी, पुलांचे खांब असं रस्त्यालगतचं सगळंच लोखंड स्थिर असतं. जुन्या प्रणाली तर वेगात असताना स्थिर वस्तूंकडे चक्क दुर्लक्ष करत.

होंडाने २००३ मध्ये जपानमधल्या इन्स्पायर गाडीत रडारवरचा असा ब्रेक दिला. २००८ मध्ये व्होल्वोने एक्ससी ६० मध्ये कमी वेगासाठीचा स्वयंचलित ब्रेक सरसकट दिला. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नुसत्या इशाऱ्याने मागून होणाऱ्या धडका २७ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या, आणि इशाऱ्यासोबत ब्रेक असेल तर निम्म्याने. पादचाऱ्यांना बसणाऱ्या धडकाही २७ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र दिवे नसलेल्या रस्त्यावर, रात्री, हा फायदा नाहीसा झाला. धडक टळली नाही तरी ब्रेक वाया जात नाही: ८० ऐवजी ४० वर आदळलं तर आघाताची ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला ही सोय सक्तीची आहे. अमेरिकेने २०२९ ची मुदत घातली आहे.

आपल्याकडे कारला सक्ती नाही, त्यामुळे निवड खरेदीदाराच्या हाती. २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० ने ही सोय चर्चेत आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये होंडा अमेझने ती एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत आणली, तीही फक्त कॅमेऱ्यावर. पण बहुतेक कंपन्या ती वरच्या व्हेरिएंटलाच देतात आणि सनरूफसोबत गळ्यात मारतात. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनसीएपी या सुरक्षा चाचणीचे तारे पाहून गाडी घेत असाल, तर एक ध्यानात असू द्या: ते तारे धडक झाल्यावर शरीर किती वाचतं ते सांगतात. धडक टाळणाऱ्या या ब्रेकला त्यात गुण नाहीत.

म्हणून बुकिंगआधी ओनर्स मॅन्युअल मागून घ्या आणि एईबीचं पान उघडा. कॅमेरा एकटा आहे की सोबत रडारही? दुचाकी आणि पादचारी ओळखतो का? उभ्या वाहनासाठी किती वेगापर्यंत काम करतो? पनवेलकरांनी आणखी काही विचारावं. जुलैच्या धो-धो पावसात काय होतं? डंपरमागून खडा उडून काच तडकली, तर नव्या काचेवर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन कोण करणार आणि किती रुपयांत? कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून निघालेल्या ट्रकच्या मागे लोंबणारी सळई कुठल्याही यंत्राला भरवशाने दिसेल असं समजू नका. तिथे अंतरच राखावं लागतं. टायर गुळगुळीत असतील तर ब्रेक माणसाने दाबला काय नि यंत्राने, गाडी घसरणारच. पैसे मोजूनमापून असतील तर आधी ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), सहा एअरबॅग आणि मागच्या सीटलाही पट्टा लावायची सवय, मग एईबी, आणि सनरूफ सर्वांत शेवटी.

या सोयीचा एक विचित्र हिशेब मात्र शोरूममध्ये कोणी मांडत नाही. एअरबॅग पैसे मोजणाऱ्याला वाचवते. एईबी बऱ्याचदा दुसऱ्यालाच वाचवते: पुढच्या स्कूटरवाल्याला, रस्ता ओलांडणाऱ्याला. तुमच्या मागे पंचवीस टनांचा ट्रक असेल, तर तुमचा जीव तुमच्या नाही, त्याच्या ब्रेकवर असतो. मार्च २०२५ मध्ये मंत्रालयाने मोठ्या ट्रक आणि बसना ही यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. एक्स्प्रेस वेवर रोज जा-ये करणाऱ्याने स्वतःच्या गाडीच्या व्हेरिएंटइतकीच त्या मसुद्याचीही चौकशी करत राहावी.