इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचंय? आधी हे वाचा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी १९८३ पासून आहे, यवतमाळला जवाहरलाल दर्डा कॉलेज आहे, आणि आता शासकीय अभियांत्रिकीही. तरी एमटेक झालेली मुलं हमखास विचारतात, "नेट-सेट नाही, मग कसं जमणार?"

अहो, अभियांत्रिकीच्या विषयांना नेट-सेट लागतच नाही! एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला बीई आणि एमई (किंवा बीटेक-एमटेक) संबंधित शाखेत हवं, आणि दोहोंपैकी एकात प्रथम श्रेणी. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. पॉलिटेक्निकला प्रथम श्रेणीची बीई पुरते. पहिल्या वर्षाला गणित-फिजिक्स शिकवणाऱ्यांना मात्र नेट, सेट किंवा पीएचडी लागते.

'संबंधित शाखा' हे शब्द नीट बघा. एमटेकचं नाव वेगळंच असेल, तर छाननीत अर्ज तिथेच अडकू शकतो.

शासकीय पदं एमपीएससीतून भरतात. खासगी कॉलेजात निवड समितीसमोर मुलाखत होते, बऱ्याचदा फळ्यावर शिकवूनही दाखवावं लागतं. माझ्या मते खरी परीक्षा हीच. बर्नुलीचं समीकरण कुणीही लिहील. पण नळी अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो आणि दाब कमी का होतो, हे शेवटच्या बाकावरच्या मुलाला समजेल असं मराठी-इंग्रजी मिसळून सांगता आलं पाहिजे. त्याची तयारी आजच करा, मोठ्याने बोलून.

पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी, ६ शोधनिबंध आणि ८ वर्षांचा अनुभव, त्यातली किमान २ वर्षं पीएचडीनंतरची.