पोटातला पहिला आठवडा

पोटावर आधी एक ऑपरेशन झालेल्या रुग्णाचं पोट पुन्हा उघडायची वेळ आली, की अनुभवी सर्जन जादा वेळ हाताशी ठेवूनच उभे राहतात. जुन्या व्रणाखाली काय असेल याचा नेमका अंदाज कुणालाच नसतो. कधी आतड्याचं वेटोळं पोटाच्या भिंतीला घट्ट चिकटलेलं असतं, कधी वेटोळी एकमेकांत गुंतलेली असतात, कधी एखादा चिवट पट्टा आडवा जाऊन त्याखाली आतडं आवळलेलं असतं. मूळ दुखण्यापर्यंत पोचण्याआधी हे सगळं हलक्या हातानं सोडवावं लागतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात अशा २७० रुग्णांपैकी ५२ जणांच्या आतड्याला सोडवताना नकळत भोक पडलं होतं.

अशी चिकटाचिकटी क्वचित होते असं मात्र नाही. मेन्झीस आणि हॅरॉल्ड एलिस या ब्रिटिश सर्जनांनी १९९० मध्ये मांडलेल्या पाहणीत, पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेल्या २१० रुग्णांपैकी ९३ टक्क्यांच्या पोटात अशा चिकटणी सापडल्या. पोट पहिल्यांदाच उघडलेल्यांमध्ये हे प्रमाण जेमतेम १० टक्के होतं. बहुतेकांना त्याचा कधीच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्या वाट्याला आतडं अडकणं, वंध्यत्व किंवा वर्षानुवर्षांची पोटदुखी येते.

पोटाच्या आतून आणि अवयवांवरून उदरावरणाचं गुळगुळीत अस्तर असतं. त्याचं क्षेत्रफळ साधारण आपल्या कातडीएवढं, पण वरचा थर एकाच पेशीच्या जाडीचा. कोरड्या गॉजनं घासलं, कॉटरीनं भाजलं, दिव्याखाली वाळलं तरी तो खरवडला जातो. जखमेतून पाझरलेल्या द्रवातून फायब्रिनचे धागे तयार होतात आणि शेजारच्या दोन जखमी पृष्ठभागांना जोडतात. प्लास्मिन हे विकर एरवी हे धागे विरघळवून टाकतं. पण ऑपरेशननंतर नेमकी तीच यंत्रणा मंदावते. धागे टिकले तर त्यांत पेशी शिरतात, कोलॅजन साठतं, पुढं रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूही येतात. मग तो पट्टा कायमचा.

याच अस्तराचा एक गुण मात्र आपल्या बाजूचा आहे. कातडीची जखम कडेकडून भरत आत येते, त्यामुळे मोठ्या जखमेला जास्त दिवस लागतात. उदरावरण सगळ्या जखमेवर एकाच वेळी उगवतं. जखम लहान असो वा मोठी, साधारण आठवडाभरात नवा थर तयार होतो. म्हणजे आठवडाभर दोन जखमी पृष्ठभाग वेगळे ठेवायचे आणि मग विरघळून जायचं, एवढंच मधे ठेवायच्या अडसराचं काम. गेलं शतकभर त्यासाठी बैलाच्या उदरावरणापासून गर्भवेष्टनापर्यंत आणि तेलांपासून डेक्स्ट्रानपर्यंत काय काय वापरून पाहिलं गेलं. बहुतेक उपाय मागं पडले.

१९८९ मध्ये अमेरिकेत इंटरसीडला परवानगी मिळाली. हे सेल्युलोजपासून केलेलं विणीचं कापड, स्त्रीरोगाच्या ऑपरेशनांसाठी. त्याची अट कडक: जागा पूर्ण कोरडी हवी. रक्त लागलं की ते काळं पडतं आणि उपयोग ओसरतो. १९९६ मध्ये सेप्राफिल्म आली. तिच्यातलं हायलुरोनिक आम्ल कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाईगुरांच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं होतं. त्याला सेल्युलोजच्याच एका रूपाची जोड दिली, की पातळ पारदर्शक पत्रा तयार होतो. पोटात ठेवल्यावर दिवस-दोन दिवसांत त्याची जेली होते, ती आठवडाभर टिकते आणि महिनाभरात शरीराबाहेर जाते. हा पत्रा वाळलेल्या पापडासारखा ठिसूळ असतो आणि ओल्या हातमोज्याला लागला की तिथंच चिकटतो. दुर्बिणीच्या बारीक नळीतून तो आत नेणं ही मोठीच कसरत.

सेप्राफिल्मच्या दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचायला हव्यात. पहिली १९९६ ची. मोठं आतडं काढलेल्या १८३ रुग्णांचं काही आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन होणारच होतं, म्हणून त्या वेळी दुर्बीण घालून आत पाहता आलं. पत्रा न ठेवलेल्यांपैकी फक्त ६ टक्क्यांच्या पोटात व्रणाखाली चिकटण नव्हती. पत्रा ठेवलेल्यांमध्ये तब्बल ५१ टक्क्यांच्या. दुसरी २००६ ची, सतराशेहून अधिक रुग्णांची. तिचा प्रश्न वेगळा होता: आतडं अडकणं कमी झालं का? दोन्ही गटांत ते सारखंच, सुमारे १२ टक्के. फक्त चिकटणीमुळे आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण ३.४ टक्क्यांवरून १.८ वर आलं. साठेक रुग्णांत पत्रा ठेवावा तेव्हा एकाचं ऑपरेशन टळतं. आतडं जोडलेल्या ताज्या टाक्यांभोवती पत्रा गुंडाळला, तर गळती वाढते, हेही याच चाचणीत दिसलं.

माझ्या मते या विषयाचं सारं दुखणं या दोन चाचण्यांमधल्या अंतरात आहे. सर्जनला दुर्बिणीतून दिसतं ते एक, रुग्णाच्या आयुष्यात फरक पडतो तो दुसरा. अडसराच्या साहित्याची परीक्षा दुसऱ्या मापानं व्हायला हवी, कारण साहित्य निरुपद्रवी असतंच असं नाही. इंटरजेल हा लोहयुक्त हायलुरोनिक जेल बाजारात आला आणि ऑपरेशननंतर उशिरा सुरू होणाऱ्या दुखण्याच्या तक्रारींमुळे २००३ मध्ये मागं घ्यावा लागला. आयकोडेक्स्ट्रिनचं ४ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे अ‍ॅडेप्ट, पोटभर पसरतं आणि दुर्बिणीतून सहज ओतता येतं. पण त्याचा परिणाम बेताचाच.

सर्जनच्या हाताला पर्याय नाही, हे आजही खरं. ऊतकं ओलसर ठेवणं, रक्तस्राव नीट थांबवणं, पावडर नसलेले हातमोजे घालणं ही साधी पथ्यं आहेत. पूर्वी हातमोज्यांवरची पावडर पोटात पडून दाह होई. अमेरिकेनं २०१७ पासून अशा मोज्यांवर बंदीच घातली. दुर्बिणीचाही फायदा आहे. स्कॉटलंडमधल्या ७२ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाच वर्षांच्या नोंदींत, थेट चिकटणींमुळे पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशननंतर ४.३ टक्के होतं, दुर्बिणीच्या १.७.

आपल्याकडं हा प्रश्न बाळंतपणातून घरोघरी पोचतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली होती. दुसऱ्या-तिसऱ्या सिझेरियनच्या वेळी मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं सापडणं ओळखीचं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकजणी ऐन तिशीतल्या. यांतल्या ज्या ऑपरेशनांची गरजच नव्हती, त्यांच्यासाठी कुठल्याही पत्र्याची चर्चा करण्यात अर्थ नाही. तिथं ऑपरेशन न करणं हाच अडसर होता, आणि तो कुणी घातला नाही.

संशोधन आता चिकटण सुरू होते त्या क्षणाकडं वळलंय. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या गटानं २०२१ मध्ये उंदरांत दाखवलं, की पोटातल्या द्रवात तरंगणाऱ्या भक्षक पेशी जखम होताच काही मिनिटांत तिथं गोळा होतात आणि ती बुजवतात. जखम मोठी असली की त्यांचे मोठाले पुंजके बनतात आणि त्यांवरच पुढं चिकटण उभी राहते. या पेशींवरचे ठरावीक ग्राही (रिसेप्टर) रोखले तेव्हा उंदरांमधल्या चिकटणी कमी झाल्या.

माणसांपर्यंत हे पोचेपर्यंत एक बिनखर्चाचं काम उद्याच करता येईल. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली मराठीत चार ओळी हव्यात. तुमच्या पोटाचं ऑपरेशन झालंय. महिन्यानंतर किंवा वीस वर्षांनंतरही कळा येऊन पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वारा दोन्ही बंद झालं, तर जुलाबाचं औषध किंवा एरंडेल घेऊ नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि जुना व्रण दाखवा.