भिंती नसलेला तुरुंग

'तुरुंग' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे उंच तट, लोखंडी गज आणि बंदूकधारी पहारेकरी उभे राहतात. गोव्यातील मुलांना तर आग्वादचा किल्ला परिचयाचा आहे. गोमुक्तीच्या लढ्यातील अनेक वीरांनी तेथील कोठड्यांत दिवस कंठिले. आमच्या कोकणी घरांत 'बंदखण' हा शब्द मुलांना भिववण्यासाठीच वापरला जाई. परंतु ज्याला तट नाही, ज्याच्या दारास रात्रंदिवस कुलूप नाही, असाही तुरुंग असतो, हे किती जणांस ठाऊक असेल?

आमच्या शाळेत व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा 1957 सालचा बोलपट दाखविण्यात आला. सहा खुनी कैद्यांना एक जेलर माळरानावर नेतो आणि त्यांच्या हातून शेत पिकवितो, अशी ती कथा. बोलपट संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, खरोखरीचे कैदी असते तर पहिल्याच रात्री पळाले नसते काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

ही कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर मूळचे आटपाडी परिसरातले, आणि आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्या कार्यात मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले अभियंते त्यांचे साहाय्यक होते. भारतात 'भारतानंद' या नावाने ते ओळखले जात. कैद्यांवर विश्वास टाकून पाहावा, हा आग्रह त्यांचाच. त्यातून त्याच सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत वसली. तिचे नाव ठेवले 'स्वतंत्रपूर'! तेथे कैदी जमीन कसू लागले आणि आपल्या कुटुंबासह राहू लागले. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे.

पुढे उत्तर प्रदेशात संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने 1952 साली चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामावर कैद्यांची छावणी उभारण्यात आली. महाराष्ट्रात येरवडा व पैठण येथे, आणि राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथे खुली कारागृहे निघाली. सांगानेरची रीत विशेष आहे. तेथील कैदी बायकामुलांसह लहान घरांत राहतात, सकाळी गावात कामास जातात, स्वतःच्या मिळकतीवर संसार चालवितात आणि ठरल्या वेळी हजेरीस परततात. वसाहतीचे दैनंदिन प्रश्न त्यांचीच पंचायत सोडविते.

तेथे कोणासही थेट पाठवीत नाहीत. शिक्षेचा बराच भाग बंद तुरुंगात भोगलेला, वर्तणूक चांगली असलेला, अंगमेहनतीस योग्य असा कैदीच निवडला जातो. सराईत गुन्हेगारास सहसा ही सवलत मिळत नाही. खुल्या कारागृहात कामाची मजुरी मिळते आणि शिक्षेत अधिक माफीही मिळते. उलट, पळून गेल्यास अथवा नियम मोडल्यास पुन्हा गजाआड जावे लागते. मग पळावे कशास? सुटकेचा दिवस जवळ येत असतो, आणि जवळ असतात आपली माणसे. दगडी तटाचे काम ही दोन बंधने करतात. सरकारचाही यात लाभच आहे, कारण तट आणि पहारा यांवरील खर्च वाचतो.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याच्या दुःखाचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही तो हलका मानीत नाही. परंतु शिक्षा संपताच कैदी आपल्यातच परत यावयाचा आहे. तो काम विसरून, कुटुंब गमावून यावा, की नांगर धरावयास शिकून यावा, एवढीच आपल्यापुढे निवड आहे.

ही व्यवस्था अद्याप पुरेशी पसरलेली नाही, स्त्री कैद्यांच्या वाट्यास तर ती फारच क्वचित येते. आहे ती टिकविणेही सोपे नाही. अस्तित्वात असलेल्या खुल्या कारागृहांचे क्षेत्र कमी करू नये, असे 2024 साली सर्वोच्च न्यायालयास बजावावे लागले.

पूर्वी आम्ही एका खेड्यात शिकवीत असताना एक मुलगा आपले वडील बोटीवर नोकरीस असल्याचे सांगे. कोणती बोट, कोणते बंदर, हेही तो तपशिलाने वर्णन करी. वडील तुरुंगात होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. ते सुटून आले तेव्हा गावात कोणी त्यांना काम दिले नाही, आणि वर्गात त्या मुलाच्या बाकावर कोणी बसेना. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो, याची खंत अद्याप वाटते. सांगानेरच्या मुलास अशी बोट कल्पावी लागत नाही. त्याचे वडील संध्याकाळी कामावरून घरी येतात.

विद्यार्थिमित्रहो, कैदी पळेल काय, या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपूरने केव्हाच दिले आहे. तो परत आल्यावर आपण त्याच्या मुलाशेजारी बसू काय, याचे उत्तर मात्र तुम्हांआम्हांस द्यावयाचे आहे.