समजून घ्या : किलिमांजारोच्या पॅकेजमध्ये ‘वाचवलेला’ एक दिवस महागात का पडतो?

टांझानियातील किलिमांजारो हे आफ्रिकेतील सर्वांत उंच शिखर, ५,८९५ मीटर. तरीही नेहमीच्या वाटांनी जाताना दोर लागत नाही की गिर्यारोहणाचे प्रशिक्षण लागत नाही. त्यामुळे दर रविवारी गड पालथे घालणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेकरना हा डोंगर आवाक्यातला वाटतो. पाय साथ देतातही. अडते ते श्वासाशी.

कळसूबाई १,६४६ मीटर. किलिमांजारोच्या मारंगू वाटेचे प्रवेशद्वारच १,८०० मीटरच्या वर आहे. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. हवेतील ऑक्सिजनचा वाटा तोच, २१ टक्के; पण एका श्वासात हाती लागतो जवळपास निम्मा. शरीर याची सवय करून घेते, मात्र त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. पॅकेज स्वस्त करताना नेमका तोच कापला जातो.

गणित काय सांगते?

३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. आता मारंगूचे मुक्काम पाहा. मंडारा सुमारे २,७०० मीटर, होरोंबो ३,७००, किबो ४,७००. म्हणजे रोज हजार मीटर! पाच दिवसांच्या सहलीत तिसऱ्या संध्याकाळी किबोला पोहोचायचे आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचे. सहा दिवसांच्या सहलीत होरोंबोला एक रात्र जास्त मिळते. या वाटेवर तंबूऐवजी लाकडी झोपड्या असतात, म्हणून ती ‘सोपी’ समजली जाते. झोपायला सोपी, इतकेच.

मचामे आणि लेमोशो वाटांवर ‘उंच चढा, खाली झोपा’ हे सूत्र पाळता येते. दुपारी लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४,६०० मीटरवर जायचे आणि मुक्कामाला बरांको खोऱ्यात ४,००० मीटरच्या खाली उतरायचे. खरे तर डोंगराचे रूपही याच वाटांवर नीट उलगडते. शेवाळाने लगडलेले पावसाळी जंगल, मग माणसाहून उंच वाढणारी सेनेसिओची विचित्र झाडे, त्यानंतर नुसता दगड आणि राख, आणि माथ्यावर आक्रसत चाललेल्या हिमनद्या. विषुववृत्ताजवळ!

डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे ही पहिली लक्षणे. तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूला सूज किंवा फुप्फुसांत पाणी असू शकते. तेव्हा उपाय एकच, तातडीने खाली उतरणे. गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

ग्रुपमध्ये असल्याने काय फरक पडतो?

येथे गाइडशिवाय चढता येत नाही. गाइड सतत ‘पोले पोले’ म्हणत असतात. स्वाहिलीत याचा अर्थ ‘हळूहळू’. पण ग्रुपमध्ये मागे पडण्याची लाज वाटते, म्हणून डोकेदुखी लपवली जाते. हा धोका ब्रोशरमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. त्यामुळे पैसे भरण्याआधी सहायक गाइड किती आहेत, हे विचारा. एक जण आजारी पडला, तर कोणी तरी त्याला घेऊन उतरले पाहिजे आणि उरलेल्यांबरोबरही कोणी तरी हवे. ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर सोबत असतो का? प्रवास विम्यात ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका समाविष्ट आहे का? अनेक पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा खूप आधीच संपते.

मग स्वस्त पॅकेज स्वस्त कसे?

राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसागणिक लागते आणि ते सर्वांना सारखेच. त्यात कंपनीला सूट नाही. म्हणून दर कमी करायला दोनच जागा उरतात : दिवस आणि माणसे. तंबू, धान्य, गॅस आणि तुमची बॅग पाठीवर घेऊन वर जाणारे हमाल एका पर्यटकामागे अनेकदा तीन-चार असतात. त्यांची मजुरी, जेवण आणि झोपण्याची सोय यांवर देखरेख ठेवणारा ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ आपल्याशी जोडलेल्या कंपन्यांची यादी देतो. तुमची कंपनी तिच्यात आहे का, हे तपासायला दोन मिनिटे लागतात. एका हमालाच्या ओझ्याची मर्यादा २० किलो आहे. बॅग भरताना पॉवर बँक दोन घ्यायच्या की तीन, हे त्या आकड्याकडे पाहून ठरवा.