बाजाराच्या ऐन गर्दीत एतेकाफ

रमजानचे वीस रोजे होत आले की बाजाराला रात्र उरत नाही. मुंबईत मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. लहान गावांतही कापड, बांगड्या, शेवया आणि सुक्या मेव्याची दुकाने उशिरापर्यंत उघडी राहतात. शिंप्याचे मशीन थांबत नाही. नेमक्या याच दिवसांत, विसाव्या रोजाच्या सूर्यास्ताआधी, त्याच बाजारातल्या मशिदीत एखादा माणूस अंथरूण आणि दोन जोड कपडे घेऊन शिरतो. ईदचा चाँद दिसेपर्यंत तो बाहेर येत नाही. हा एतेकाफ.

एतेकाफ म्हणजे एका जागी टिकून राहणे. खाणे-झोपणे मशिदीतच, शौच, वुजू अशा गरजेपुरतेच बाहेर पडायचे. स्त्रिया घरातच नमाजसाठी राखलेल्या कोपऱ्यात एतेकाफ करतात. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) दरवर्षी शेवटचे दहा दिवस एतेकाफ करीत, हयातीतल्या अखेरच्या रमजानमध्ये तो वीस दिवसांचा होता.

या दहा दिवसांतच शबे कद्र शोधायची असते. कुरआनने ही एक रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ ठरवली आहे. हजार महिने म्हणजे 83 वर्षे 4 महिने, माणसाचे अख्खे आयुष्य! मात्र ती रात्र कोणती, हे नेमके सांगितलेले नाही. 21, 23, 25, 27 आणि 29 या विषम रात्रींत ती शोधावी, एवढेच मार्गदर्शन आहे. आणि बहुतेक घरांच्या या रात्री जातात बाजारात.

हनफी परंपरेनुसार मोहल्ल्यातून एकाने एतेकाफ केला तरी सर्वांची जबाबदारी पार पडते. कोणीच बसले नाही, तर सगळेच जबाबदार. म्हणून रमजान निम्मा सरला की विचारणा सुरू होते, ‘यंदा कोण बसणार?’ बहुतेकदा एखादे निवृत्त आजोबाच तयार होतात. बाकीच्यांचे उत्तर ठरलेले, ‘वेळ नाही.’ म्हणजे ज्यांची धावपळ आधीच थांबली आहे, तेच बसतात. ज्यांना थांबण्याची खरी गरज आहे, ते आजोबांचा डबा पोहोचवून पुढे पळतात.

शिंपी, हमाल, बांगडीवाला यांची गोष्ट वेगळी. या दहा दिवसांच्या कमाईवर त्यांचे पुढचे कित्येक दिवस निघतात, आणि हलाल रोजी कमावणे हीसुद्धा इबादतच. प्रश्न उरतो तो पोटापाण्याशी संबंध नसलेल्या घाईचा. ओढणीचा रंग जुळत नाही म्हणून बाजारात तिसरी फेरी. दस्तरखानावरच्या दहा पदार्थांचे मोबाइलवर फोटो. इफ्तारची सुन्नत खजूर आणि पाण्यावर पूर्ण होते. तरी मगरिबची अजान होते तेव्हा घरातली बाई भज्यांच्या कढईपुढेच उभी असते. तिचे कुरआन वाचायचे राहून जाते ते घरच्यांच्या हौसेपायी. दोन पदार्थ कमी केले, तर तिला रोज अर्धा तास मिळेल. दिवाळीचा फराळ करता करता दमून गेलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

दहा दिवस बसणे सगळ्यांना जमत नाही. नफिल एतेकाफला मात्र ठरावीक मुदत नाही. नियत करून मशिदीत शांतपणे अर्धा तास बसले, तरी तो एतेकाफच. तरावीहनंतर दुकान पुन्हा उघडण्याआधी शिंप्यालाही तेवढे जमू शकते. फक्त मोबाइल बंद हवा, नाहीतर माणूस मशिदीत आणि मन बाजारात. फितऱ्याचेही तसेच. तो ईदच्या नमाजआधी द्यायचा असतो, पण खरेदीच्या यादीत तो सगळ्यात शेवटी येतो. चार दिवस आधी दिला, तर गरिबाच्या घरीही शिरखुर्म्याची तयारी वेळेवर होते.

चाँद दिसतो, एतेकाफला बसलेला माणूस अंथरूण गुंडाळून घरी निघतो. दुकान दहा दिवस मुलांनी चालवलेले असते, घरही चाललेले असते. आपल्यावाचून अडेल असे वाटलेले बरेच काही अडलेले नसते.